क्लूटीचा कोपरा

बालाघाट
१२ जानेवारी १९७०

चि. अलकनंदा,

हे पत्र माझंच आहे. निळा कागद उलटासुलटा करून अक्षर बघत बसशील, म्हणून आधीच सांगून टाकतो. घरी सगळे बरे आहेत. कोणी गेलं नाही, कोणी खाटेवर नाही. तुझी आई परवाच्या संक्रांतीसाठी तीळ भाजते आहे आणि मी काय लिहितो ते बघायला तीनदा दुकानात येऊन गेली. पहिल्यांदा पाणी विचारलं, दुसऱ्यांदा चहा. तिसऱ्यांदा विचारायला काही सापडलं नाही, तर नुसतं ‘बरं’ म्हणाली आणि गेली.

काम आहे म्हणून लिहितो आहे. पत्ता तुझ्या आईनं दिला.

खाणीतले रीड साहेब तुला आठवत असतील. लाल मान, गुडघ्यापर्यंत खाकी चड्डी, आणि हिंदी अशी की ऐकणाऱ्यानं पोट धरावं. ते त्याच तुझ्या स्कॉटलंडचे. फाइफ म्हणून जिल्हा आहे, तिथले. तुझ्या डंडीपासून नदी ओलांडली की फाइफ लागतं, हे मी धाकट्या घनश्यामच्या शाळेच्या नकाशात पाहिलं. तू त्यांच्या बंगल्यातले पेरू चोरायचीस तेव्हा ते काठी उगारून मागे धावत आणि ओरडत, “वी क्लूटी! वी क्लूटी!” वी म्हणजे लहान, हे तेव्हाच कळलं होतं. क्लूटी म्हणजे कोण, तेही साहेबांनी मला सांगितलं होतं. सैतान. पण तिथली माणसं हा शब्द नेमका कुठं, कसा वापरतात ते मला नीट हवं आहे. रागानं म्हणतात की लाडानं? देवळात चालतो का? कोणाच्या दारावर लिहिला तर तिथले लोक काय म्हणतील?

हसू नको. राजेगावच्या रस्त्यावरच्या आपल्या शेतात एक पाटी लागायची आहे, कार्तिकी पौर्णिमेच्या आत. पाटीवर काय लिहायचं ते गावकरी मला विचारतात, कारण शेत माझं. बाकी पुढच्या पत्रात, उत्तर आलं तर.

आणि साहेब आहेत का, तेही बघ. छप्पन साली गेले तेव्हा साठीला टेकले होते.

डोमाजी मिस्त्री
इंजिन व पंप दुरुस्ती, बस स्टँडसमोर


बालाघाट
१४ मार्च १९७०

चि. अलकनंदा,

उत्तर आलं. पोस्टमन भैयालाल दुकानात येऊन म्हणाला, “मिस्त्री, विलायतेचं हाये, अन् यावेळी बाईच्या नावानं नाही, तुमच्या नावानं हाये.” म्हणजे आजवरची बाईच्या नावानं येत होती, हे सगळ्या बस स्टँडला कळलं. असू दे.

तू चौकशी मन लावून केलीस. तुझ्या नर्सिंगच्या वॉर्डातल्या म्हाताऱ्यांना विचारलंस हे बरं केलंस, डॉक्टरांना काय कळणार. क्लूट म्हणजे चिरलेलं खूर, गाईबकरीसारखं. ज्याचं खूर चिरलेलं तो क्लूटी. त्याचं खरं नाव तोंडावर आणायचं नाही, आणलं तर तो दारात उभा राहतो, म्हणून हे घरातलं नाव. म्हातारी माणसं त्याला ‘औल्ड’ म्हणजे म्हातारा क्लूटी म्हणतात, जसा गल्लीतला कोणी काका असावा. दूध नासलं तर क्लूटी, मूल वांड निघालं तर क्लूटी. साहेब अगदी असंच बोलायचे. कानात आवाज आला.

मला हे तेव्हाही परकं वाटलं नव्हतं. आपण दिवे लागल्यावर सापाला साप म्हणतो का? जनावर म्हणतो. बिरशाच्या जंगलात गाडी हाकणारा वाघाचं नाव घेतो का? साहेबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर असा हात मारला की पाना खाली पडला.

तू लिहितेस की तिथली तरुण पोरं आता हा शब्द वापरत नाहीत, आज्याआजोबांचं बोलणं म्हणून हसतात. इथं वेगळं काय आहे? तुझा भाऊ घनश्याम काल आईला म्हणतो, “मम्मी, ये काहून-काहून क्या लगा रखा है?” तुझ्या आईनं लाटणं दाखवलं तेव्हा त्याला मराठी आली.

आता पाटीचं सांगतो. साहेब आपल्या बागेचा एक कोपरा कधी खोदू देत नसत. हातभर जागा, तिथं गवत माजलेलं. मी विचारलं तर म्हणाले, “वो क्लूटी का जगह है। उस को जगह देगा, तो हमारा टमाटर में नहीं आयेगा।” त्यांच्या मुलुखात शेतकरी शेताचा एक तुकडा असाच सोडत, नांगर घालत नसत.

एकोणसाठ साली मी ते दोन एकर घेतलं तेव्हा मीही पळसाखालचा कोपरा सोडला. भीतीनं नाही. साहेबांची आठवण म्हणून. धान बघायला पुनाराम ठेवला होता. खाणीतला पुनाराम, तुला खांद्यावर बसवून बाजारात न्यायचा तो. त्यानं विचारलं, “हा कोपरा काहून सोडला, डोमाजी?” आता काय सांगू, की साहेबाच्या सैतानासाठी सोडला? म्हटलं, “क्लूटीची जागा हाये. हात लावू नको.”

आठ दिवसांनी गेलो तर तिथं दगड. दगडाला शेंदूर. महिन्याभरात झेंडा लागला. दोन वर्षांत गोंदियाची बस तिथं हळू व्हायला लागली आणि कंडक्टर खिडकीतून नारळ फेकायला लागला. कुलुटीदेव! पोर होत नाही, ताप उतरत नाही, म्हैस हरवली, चला कुलुटीदेवाकडे. श्रावणात पुनाराम स्वतः कोंबडा कापतो.

तू म्हणशील, बाबा गप्प कसे राहिले. खरं सांगतो, आधी हसू आलं. मग लक्षात आलं की देव आल्यापासून खळ्यावरची पेंढी कोणी उचलत नाही. मला ते सोयीचं पडलं. आता मात्र गावकरी ओटा बांधणार, सिमेंटचा, आणि त्यावर संगमरवराची पाटी. देवाचं नाव, देवाची कथा. कथा मी सांगायची.

साहेबांचा पत्ता मिळाला का? मिळाला तर माझ्यातर्फे त्यांचे आभार मान.

डोमाजी


बालाघाट
७ जून १९७०

चि. अलकनंदा,

सापडले!

भैयालालच्या हातातूनच कागद ओढला. कात्रीनं घडी नीट न कापता फाडली, त्यात तुझ्या चार ओळी गेल्या. त्या जुळवायला तुझी आई आणि मी बसलो होतो, डोक्याला डोकं लावून. म्हणजे आता लपवायचं काही उरलं नाही.

तर साहेब जिवंत आहेत. समुद्राकाठच्या म्हाताऱ्यांच्या घरात राहतात, छाती खराब झाली आहे, कान गेले आहेत. कान गेले हे वाचून मी सळई खाली ठेवली. ज्यांनी मला कान दिले त्यांचेच गेले.

तुला ती सळई माहीत आहे, लाकडी मुठीची. एक टोक इंजिनाला, एक कानाला, की आतला बिघाड ऐकू येतो. जाताना साहेब मला देऊन गेले. आज तुमसर-कटंगीकडच्या गाड्याही ‘डोमाजीच्या कानाला’ दाखवायला इथं येतात. परवा एक ड्रायव्हर म्हणाला, “मिस्त्री, तुम्ही हात तर लावलाच नाही, मंग कसं सांगतलं?” म्हटलं, “तुह्या इंजिनानंच सांगतलं बाप्पा, मी फक्त ऐकलं.” तुझ्या गळ्यातल्या नळीचं आणि माझ्या सळईचं काम एकच आहे, हे मला फार आधी कळायला पाहिजे होतं.

तू विचारतेस, साहेबांना भेटायला पुढच्या महिन्यात जाईन तेव्हा नेमके कशाचे आभार मानू? पेरूंचे?

सांगतो. श्रावणातली झड होती, पंचेचाळीस साल. खाणीत पाणी झिरपतच असतं, श्रावणात धो धो येतं. खालच्या बोगद्यातलं पाणी वर फेकणारा इंजिनाचा पंप चोवीस तास चालायचा. तो एक दुपारी बंद पडला. कसा पडला ते क्लूटीला ठाऊक. खाली तीन माणसं होती, त्यात पुनाराम. शिडीकडची वाट आधी पाण्यात गेली. साहेब स्वतः कमरेला दोर बांधून उतरले. पुनारामच्या गळ्यापर्यंत पाणी आलं होतं. तिघंही निघाले.

मग नागपूरहून चौकशीला माणसं आली. साहेबांनी त्यांना सांगितलं, पंप मीच जाळी साफ करायला बंद करवला होता, वेळेचा अंदाज चुकला. आणि मजुरांना सांगितलं, क्लूटी ने किया. त्या चौकशीमुळे त्यांची मॅनेजरची जागा गेली, ती त्यांच्या हाताखालच्या माणसाला मिळाली. पुढची अकरा वर्षं ते त्याला ‘सर’ म्हणत राहिले.

पुनारामच्या डोक्यात तेव्हापासून बसलं आहे की क्लूटीनं पंप थांबवला आणि क्लूटीनंच त्याला सोडलं. म्हणून दगड, म्हणून कोंबडा.

तर आभार याचे मान. त्यांनी आपल्या तीन माणसांना वाचवलं.

तुझी आई विचारते, तिथं आता उन्हाळा आहे तरी स्वेटर काहून घालतेस?

डोमाजी


बालाघाट
११ ऑगस्ट १९७०

चि. अलकनंदा,

तुझं पत्र दोनच ओळींचं आलं. एवढा मोठा निळा कागद, आणि दोन ओळी.

“बाबा, पंप आपोआप बंद पडत नाही, हे तुम्हीच शिकवलं. त्या दुपारी पंपावर कोण होतं?”

मिस्त्रीची पोर आहेस. आवाज कुठून येतो ते बरोबर कळतं तुला.

मी होतो.

आठ दिवस झाले, पत्र खिशात आहे. सदरा धुवायला टाकताना तुझी आई काढते आणि धुतलेल्या सदऱ्यात परत ठेवते. तिला सगळं माहीत आहे, कारण त्या दुपारी मी तिच्याकडेच गेलो होतो.

तिला कळा सुरू होऊन दोन दिवस झाले होते. खाणीखालच्या चाळीतली आपली खोली तुला आठवते, तिथं. सुईण गोदाबाईनं माणूस पाठवला, “मिस्त्रीले म्हणा, बायकोचं तोंड पाहून घे.” असा निरोप आल्यावर माणसानं काय करावं? नियम असा होता की दुसरा माणूस आल्याशिवाय पंपाजवळून हलायचं नाही. दुसरा माणूस नव्हता. मी इंजिन पाहिलं, चालू होतं, आवाज साफ होता. म्हटलं, अर्धा तास. पळत गेलो.

दीड तास झाला. पट्टा मध्येच निसटला असणार, इंजिन तापून बसलं. मी दाराबाहेर चिखलात उभा होतो आणि आतून आधी काही आवाज येईना. मग आला. तुझा आला. गोदाबाई बाहेर येऊन म्हणाली, “दोघी जित्या हायेत. पोरगी काळीसावळी हाये, पण गळा पाहा कसा हाये!” तुझा गळा ऐकत मी उभा राहिलो. आणि त्याच कानाला, तू रडायची थांबलीस तेव्हा कळलं, पंपाचा आवाज येत नाही. चाळीत दिवसरात्र यायचा तो. थांबला होता.

पळत परत आलो तेव्हा साहेब दोर बांधत होते. माझ्याकडे पाहिलं फक्त. मी दोर धरला. धरण्यापुरताच मी त्या कामात होतो.

तिघं निघाल्यावर मी साहेबांच्या ओसरीवर गेलो, नोकरी सोडतो म्हणालो, पोलिसात जातो म्हणालो. ते ओले तसेच बसले होते, खुरट्या दाढीतून पाणी गळत होतं. त्यांनी विचारलं, “बेबी?” म्हटलं, मुलगी. “औरत?” म्हटलं, ठीक आहे. मग उठून आत गेले आणि चांदीचा रुपया आणला. त्यांच्याकडे नव्या बाळाच्या मुठीत चांदी ठेवतात. तुझ्या मुठीत ठेवला होता तोच तो रुपया. तुझ्या आईनं काळ्या दोऱ्यात ओवून तुझ्या गळ्यात घातला, आणि शाळेत जाईपर्यंत तू तो चावायचीस.

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. जशी बोलले तशी लिहितो: “डोमा, सुनो। पहिला गलती, क्लूटी का पीठ पर डालो। उस का पीठ बहुत बड़ा है। दूसरा गलती, अपना पीठ पर।”

मी टाकली. पंचवीस वर्षं झाली, अजून त्याच्याच पाठीवर आहे. दुकान झालं, शेत झालं, चार माणसं नमस्कार करतात, आणि माझ्याच शेतात पुनाराम दर श्रावणात माझ्या चुकीला कोंबडा कापतो आणि मला प्रसाद देतो. मी खातो.

तुझ्याशी आणखी एक खोटं बोललो आहे. पहिल्या पत्रात लिहिलं की पत्ता तुझ्या आईनं दिला. दिला नाही. तुझी सगळी पत्रं ती पिठाच्या डब्यात ठेवते. मी चार वर्षं ती काढून वाचतो, घडी तशीच घालून ठेवतो. मला वाटायचं तिला कळत नाही. काल म्हणाली, “वाचून झालं का हात धुवत जा, सळईच्या मुठीलेही पीठ लागते.”

साहेबांकडे जाशील तेव्हा आता कशाचे आभार मानायचे ते तुला माहीत आहे.

बाबा


बालाघाट
१५ नोव्हेंबर १९७०

अलका,

तुझं पत्र दिवाळीच्या आधी आलं होतं. उत्तराला उशीर केला, कारण एक काम झाल्याशिवाय लिहायचं नव्हतं. ते परवा झालं.

आधी साहेबांचं. त्यांना काही आठवत नाही, हे तू किती सांभाळून लिहिलं आहेस. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन तू सगळं सांगितलंस, खाण, श्रावण, पंप, दोर, डोमा, आणि ते मान हलवत राहिले, नाही, नाही. मॅनेजरची जागा गेली तेही आठवत नाही. पेरू आठवतात. बागेचा कोपरा आठवतो. रुपया दाखवलास तर तो हातात घेऊन म्हणाले, चांगली चांदी आहे, हरवू नको.

तुला वाटलं मला वाईट वाटेल. पहिल्यांदा वाटलं. मग पाना घेऊन एका इंजिनात दोन तास डोकं घातलं आणि वाटेनासं झालं. ज्या माणसाला आपण आयुष्यभर डोक्यावर घेऊन फिरलो त्याला ते ओझं ठाऊकच नव्हतं. त्यांनी केलं आणि विसरले. उपकार करणाऱ्यानं असंच करावं. लक्षात ठेवायचं काम माझं होतं, ते मी केलं.

आणि ते हसले हे तू लिहिलंस ते तुझ्या आईला चारदा वाचून दाखवलं. क्लूटीला इथं नारळ फोडतात, बस थांबते, ऐकून खोकला लागेपर्यंत हसले, तिथली नर्स धावत आली. म्हणाले, “आमच्याकडे त्याला कोणी कधी बिस्किटसुद्धा दिलं नाही.” अलका, त्या वयात, त्या छातीनं माणूस असा हसला, ते तुझ्यामुळे. मी पाठवू शकलो असतो अशी याहून मोठी वस्तू माझ्याकडे नव्हती.

आता परवाचं.

पौर्णिमेला ओटा तयार झाला. चुना ओला होता. पाटी आणली होती, कोरी, संगमरवरी, गोंदियाहून. गावातली पाचपन्नास माणसं, बायका, नारळाचं पोतं. पुनाराम नव्या धोतरात. मला म्हणाला, “सांग आता देवाची कथा. कोरणारा बसला हाये.”

मी म्हटलं, “पुनाराम, आधी तुले एकट्याले सांगतो. पळसामागं चाल.”

“माह्यापासून काय लपवतं? इथंच सांग.”

मग तिथंच सांगितलं. पंपावर मी होतो. मी सोडून गेलो. क्लूटीनं काही केलं नाही. तो साहेबांच्या देशातला सैतान आहे, त्यानं बालाघाट पाहिलेलंही नाही. तू पाण्यात गळ्यापर्यंत उभा होतास तेव्हा मी माझ्या पोरीचं रडणं ऐकत उभा होतो.

नारळाच्या पोत्यावर बसलेला माणूससुद्धा उठून उभा राहिला. मी हात जोडलेले होते, ते तसेच राहिले.

पुनाराम माझ्याकडे पाहत होता. पंचवीस वर्षांत त्याचे डोळे बारीक झाले आहेत, काय चाललं आहे कळत नव्हतं. मग म्हणाला, “मंग मी इतके वर्ष कोंबडे कोणासाठी कापले रे?”

मी म्हटलं, “माह्यासाठी.”

“अन् खाल्ले पण तूच.”

“हौ.”

एक बाई फिस्सकन हसली. पुनाराम हसला नाही. म्हणाला, “मले पाण्यात काय आठवत होतं सांगू? वरून पंपाचा आवाज बंद झाला तवा म्या म्हटलं, डोमाजी मेला. तो जिता असता तं पंप बंद पडू देला नसता. म्या तुह्यासाठी रडलो, येड्या, माह्यासाठी नाही.”

हे मला माहीत नव्हतं. अलका, हे मला पंचवीस वर्षं माहीत नव्हतं.

मग तो वाकला, दगडावरचा ओला शेंदूर बोटावर घेतला, आणि सगळ्यांसमोर माझ्या कपाळाला लावला. नाकापासून केसांपर्यंत, चांगला रुंद. म्हणाला, “ज्याचा व्हता त्याले लावला. आता दगडाले नवा लावतो.”

“दगड अजून ठेवतो?” मी विचारलं.

“काहून नाही? माह्या नातवाचा ताप त्यानंच उतरवला. सैतान असो का कोणी असो, घरी आलेल्याले जागा देली, आता हाकलतो काय?”

पाटीचं मी विचारलं. कोरणाऱ्यानं छिन्नी उचलली होती. पुनाराम म्हणाला, “राहू दे कोरी. त्याचं नाव घेत नसते, असं तुह्या सायबानंच सांगतलं होतं ना?”

तर ओटा आहे, त्यावर कोरी पाटी आहे. काल गोंदियाची बस हळू झाली आणि कंडक्टरनं नारळ फेकला.

परत येताना बसमध्ये सगळे माझ्या कपाळाकडे पाहत होते. मी साहेबांचं दुसरं वाक्य घोळवत होतो. दूसरा गलती, अपना पीठ पर.

माझी दुसरी चूक तुला माहीत आहे. सहासष्ट साली तू विलायतेला नर्सिंगला जायचं ठरवलंस, मी कटंगीचं स्थळ पक्कं केलं होतं. त्या लोकांसमोर मी म्हणालो, माझी एक मुलगी होती, ती मेली. तू दारामागे होतीस. तुझी आई तुला गोंदियाच्या स्टेशनावर सोडायला एकटी गेली, आणि मी दुकानात एका चांगल्या चालत्या इंजिनाला सळई लावून बसलो होतो.

चार वर्षं मी तुझ्या आईला सांगत आलो, तेव्हा माझ्या तोंडून कोण बोललं कोण जाणे, डोक्यात काही शिरलं होतं. पुढच्या पत्रात तुलाही तसंच लिहिणार होतो. क्लूटीनं वदवलं, विसरून जा.

त्यानं नाही वदवलं. मी बोललो. ज्या गळ्यासाठी मी पंप सोडून पळालो होतो, तो गळा दारामागे गप्प उभा होता आणि मला ऐकू येत होतं. मला कान आहेत, अलका. मला सगळं ऐकू येत होतं.

ये असं म्हणत नाही. तुझं काम तिथं आहे, आणि समुद्राकाठच्या त्या घरात तुझ्याकडे पाहून हसणारा एक म्हातारा आहे. त्याच्याकडे जात राहा, मी जायला पाहिजे होतं तितकं. पण कधी यायचं झालं तर कोणत्या गाडीनं ते कळव. या वेळी स्टेशनावर मी येईन.

कागद संपला. आता मी कडेला आडवं लिहितो आहे, इथं चिकटवायचं असतं, तुला वाचता आलं तर बरं. तुझी आई ओला फडका घेऊन दोनदा आली, कपाळ पुसू द्या म्हणते, बस स्टँडावर लोक हसतात.

म्हटलं, राहू दे. माझा आहे.

तुझा बाबा